एक्के हातात असताना चिप्स कधी टाकायचे?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वय ३४, मिहानमध्ये नोकरी. आमचा मित्रांचा ग्रुप दर शनिवारी रात्री नंदनवनला एकाच्या घरी पॉट-लिमिट ओमाहा खेळतो, म्हणजे चार पत्त्यांचा पोकर, ज्यात एका वेळी पॉटमध्ये (मधल्या ढिगात) असतील तितकेच चिप्स वाढवता येतात. पैसे लावत नाही, नुसते चिप्स. यंदा हिंमत करून गोव्याला टुर्नामेंट खेळायला गेलो.

ब्लाइंड (दोन जागांनी पत्ते बघण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम) ५००–१,०००, अँटी (सगळ्यांनी आधी टाकायची रक्कम) नव्हती, माझ्याकडे ३२,००० चिप्स. बिग ब्लाइंडवर (१,००० वाल्या जागेवर) मला इस्पिक एक्का, चौकट एक्का, किलवर नव्वी आणि बदाम चौकी आली. बटनच्या (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेच्या) अगोदरच्या माणसाने रेज करून, म्हणजे वाढवून, ३,५०० केले, बटनने कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले. एक्के लपवू की पॉट फुगवू ते कळेना, म्हणून मधला मार्ग काढला अन् ७,००० केले. दोघांनीही कॉल केला. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते, आला बदाम गुलाम, बदाम दस्सी, किलवर छक्की. मी "पॉट" म्हणून २१,५०० टाकले. पहिल्याने ऑल-इन केलं (सगळे चिप्स टाकले), दुसऱ्याने पत्ते टाकून दिले. माझ्याकडे ३,५०० उरले होते. इतके टाकल्यावर मागे कसं फिरणार? तेही टाकले. त्याच्याकडे बदाम राणी, इस्पिक गुलाम, बदाम नव्वी, इस्पिक अठ्ठी. टर्नला (चौथ्या पत्त्याला) सत्ती आली आणि मी बाहेर.

दुसऱ्या दिवशी छोट्या टुर्नामेंटमध्ये बक्षिसांना दोन जण बाकी होते. माझ्याकडे ९ बिग ब्लाइंड. हातात दोन राजे, अठ्ठी, तिर्री, चारही वेगळ्या सूटचे. टेबलावर सगळ्यात मोठा स्टॅक (चिप्सचा साठा) असलेल्याने आधीच पॉट रेज केला होता. मी घाबरून फोल्ड केलं. आता ग्रुपमध्ये सगळे चिडवून राह्यले, "एक्क्यावर मेला अन् राजे फेकले बे!"

चिप्स नेमके कधी टाकायचे, काही हिशेब आहे का? की आपल्याला जमत नाही म्हणून सोडून द्यावं? एक सांगायचं राहिलं, एन्ट्री फी किती होती ते मी घरी पूर्ण सांगितलेलं नाही.

उत्तर

भाऊ,

ज्या कॉलची तुम्हाला सगळ्यात जास्त रुखरुख लागली आहे, तो शेवटचा ३,५०० चा कॉल बरोबर होता. त्या वेळी पॉटमध्ये ६८,००० होते: फ्लॉपआधीचे २१,५००, तुम्ही टाकलेले २१,५०० आणि त्याचे तुमच्या स्टॅकपुरते २५,०००. ३,५०० टाकून ७१,५०० च्या पॉटसाठी लढायचं, तर वीस वेळांत एकदा जिंकलं तरी भागतं. तुमचे एक्के त्या हातासमोर साधारण पाचातून एकदा टिकतात. तिथे फोल्ड केलं असतं तर ती मोठी चूक झाली असती. चुकलं ते त्याच्या आधी दोनदा: एकदा ७,००० करताना आणि दुसऱ्यांदा फ्लॉपवर "पॉट" म्हणताना. आणि राजे फेकल्याबद्दल जे चिडवतायत त्यांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा. गोव्यातला तुमचा सगळ्यात चांगला निर्णय तोच होता.

"इतके टाकल्यावर मागे कसं फिरणार?" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण खरी अडचण त्यात आहे. आपल्याकडे बहुतेक जण पत्ते शिकतात ते दिवाळीत नाहीतर पोळ्याच्या सुमारास, तीन पत्तीवर. तिथे चालीवर चाल टाकून झाली की शो मागितल्याशिवाय उठणं जिवावर येतं. टाकलेला पैसा अजून आपलाच आहे असं वाटत राहतं. ओमाहाच्या टेबलावर ही सवय फार महागात पडते. पॉटमध्ये गेलेली चिप कोणाचीच राहत नाही. पुढे टाकायचं की नाही हे दोनच गोष्टींवरून ठरतं: आता किती टाकावे लागतायत, आणि तयार होणाऱ्या एकूण पॉटमध्ये माझा हिस्सा, म्हणजे जिंकायची शक्यता, किती. तुमच्या बाबतीत शेवटी उत्तर "टाका" असंच आलं, पण ते ३,५०० स्वस्त होते म्हणून. आधी २८,५०० गेले होते याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आज दोन्ही कारणांनी एकच उत्तर दिलं. पुढच्या वेळी देणार नाहीत, आणि तेव्हा चुकीच्या कारणावर खेळणारा माणूस स्टॅक घालवून बसतो.

आता हिशेबाकडे येतो. पॉट-लिमिटमध्ये जास्तीत जास्त रेज म्हणजे आधी कॉल करायचा आणि मग जो पॉट होईल तितकं वर टाकायचं. हे टेबलावर पटकन करायची रीत अशी: शेवटच्या बेटची तिप्पट, त्यात पॉटमधले बाकीचे चिप्स मिळवायचे, या फेरीत आपण आधी टाकलेले सोडून. ब्लाइंड ५००–१,००० असताना पहिला पॉट रेज ३,५०० होतो तो याच रीतीने, तीन हजार अधिक स्मॉल ब्लाइंडचे पाचशे. अँटी असेल तर फ्लॉपआधी ती या गणितात धरतात की नाही, हे बसल्याबसल्या डीलरला विचारून घ्या. पॉट किती आहे हेही पॉट-लिमिटमध्ये डीलरला विचारता येतं. नवखे खेळाडू लाजतात आणि अंदाजाने खेळतात. लाजू नका.

फ्लॉपनंतर प्रत्येक पॉट बेटला एक कॉल आला की पॉट तिप्पट होतो. १ चा ३, ३ चा ९, ९ चा २७. म्हणजे फ्लॉप, टर्न, रिव्हर (पाचवा पत्ता) तिन्हीवर पॉट टाकायला पहिल्या पॉटच्या तेरापट स्टॅक लागतो. स्टॅक चौपट असेल तर दोनच बेट होतात, पॉटइतकाच असेल तर एकच. हे तीन आकडे, १, ४ आणि १३, पाठ करून ठेवा. फ्लॉपवर स्टॅक पॉटच्या चौपट असताना टाकलेली पॉट बेट दिसायला स्टॅकची चौथाईच असते. पण कॉल आला की पॉट तीन आणि तुमच्याकडेही तीनच उरतात, म्हणजे टर्नवर सगळंच. टर्नचा निर्णय तुम्ही फ्लॉपवरच घेऊन टाकलेला असतो, तो माहीत नसताना.

दुसरा हिशेब हिश्शाचा. समोरच्याने तुम्हाला ऑल-इन करायला लावलं आणि उरलेला स्टॅक पॉटच्या अर्धा असेल, तर कॉलला २५ टक्के हिस्सा पुरतो. पॉटइतका असेल तर ३३ टक्के, दुप्पट असेल तर ४०, चौपट असेल तर ४४. होल्डेममध्ये (हातात दोनच पत्ते असलेल्या पोकरमध्ये) एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी आली तर एक्के ८० टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे तिथे हे आकडे माणूस विसरला तरी चालून जातं. ओमाहात चार पत्ते असतात, त्यातले दोनच वापरायचे आणि बोर्डवरचे, म्हणजे टेबलावर उघडे पडलेल्या पाचांतले, तीन. चांगले, डबल-सूटेड (चार पत्ते दोन-दोन अशा दोन सूटचे) एक्केसुद्धा डबल-सूटेड सलग पत्त्यांसमोर साठ-चाळीसच्या आसपासच राहतात. तुमच्यासारखे कोरडे एक्के, म्हणजे चार पत्ते चार सूटचे आणि बाजूची नव्वी-चौकी एकमेकींना किंवा एक्क्यांना काही मदत न करणारी, तर जेमतेम निम्म्याच्या वर-खाली.

मग असे एक्के घेऊन ३२ ब्लाइंडवर (बिग ब्लाइंडच्या ३२ पट स्टॅकवर) करायचं काय? माझं मत ठाम आहे: पूर्ण पॉट रेज करा. तुमच्या जागेवरून आकडा काढू. पॉटमध्ये ३,५०० अधिक ३,५०० अधिक दोन्ही ब्लाइंडचे १,५००, एकूण ८,५००. तुम्हाला कॉलला २,५०० लागतात, पॉट होतो ११,०००. त्यावर ११,००० रेज. म्हणजे तुमची एकूण बेट १४,५००, मागे उरले १७,५००. एकाने कॉल केला तर पॉट ३३,००० होतो आणि तुमचा उरलेला स्टॅक त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. आता फ्लॉपवर कसलेही तीन पत्ते येवोत, २६ टक्क्यांच्या आसपास हिस्सा असला की पुरे, आणि एकाच माणसासमोर एक्क्यांना तेवढा बहुतेक फ्लॉपवर असतो. तुम्हाला फ्लॉप बघून घाबरायचं नाही की विचार करायचा नाही. कोरड्या एक्क्यांची सगळी ताकद फ्लॉपच्या आधी असते. फ्लॉप पडला की ती जोडी फारशी सुधारत नाही आणि समोरच्याला काय लागलं ते तुम्हाला कळत नाही. म्हणून ताकद आहे तोवर जास्तीत जास्त चिप्स आत जायला हवेत. शिवाय १४,५०० बघून दोघांपैकी एक तरी बहुतेक वेळा उठतो, आणि त्याचे ३,५०० पॉटमध्ये राहतात.

याचा ठोकताळा हवा असेल तर तो असा: फ्लॉपआधीच्या एका रेजमध्ये स्टॅकचा एक तृतीयांश किंवा जास्त आत जात असेल, तर एक्के घेऊन पूर्ण रेज करा. एका माणसाने कॉल केल्यावर उरलेले दोन तृतीयांश पॉटइतकेच राहतात आणि पुढे एकच बेट शिल्लक असते. तुमच्या बाबतीत ४५ टक्के जात होते. त्यापेक्षा चांगली जागा मिळणं अवघड.

तुम्ही ७,००० केले तेव्हा काय झालं ते बघा. सगळ्या टेबलाला कळलं की बिग ब्लाइंडवरून परत रेज करणाऱ्याकडे एक्के आहेत. पण किंमत इतकी कमी ठेवलीत की दोघांपैकी कोणालाच उठायचं कारण उरलं नाही. पॉट २१,५०० झाला, तुमच्याकडे २५,००० उरले. दोन माणसं, दोघांनाही तुमचे पत्ते जवळपास माहीत, आणि तुम्हाला त्यांचे माहीत नाहीत. वर तिन्ही वेळा सगळ्यात आधी बोलायचं तुम्हालाच. मधला मार्ग सुरक्षित वाटतो हे मी समजू शकतो, पण या खेळात एक्क्यांसाठी तीच जागा सगळ्यात वाईट असते.

स्टॅक ३२,००० ऐवजी ८०,००० असता, तर याच चार पत्त्यांवर मी नुसता कॉल करायला सांगितला असता. तेव्हा १४,५०० म्हणजे स्टॅकचे अठरा टक्के, आणि एका कॉलनंतर मागे ६५,५०० उरले असते, पॉटच्या जवळपास दुप्पट. एक्के उघडे पडले, जागा वाईट आणि दोन बेट शिल्लक. त्यापेक्षा २,५०० टाकून फ्लॉप बघा, तिसरा एक्का लागला तर कमवा, नाही लागला तर सोडून द्या. एक्क्यांच्या बाजूला एकाच सूटचे राजा-राणी वगैरे असतील तर गोष्ट वेगळी, ते मोठ्या स्टॅकवरही रेज करायच्या लायकीचे आहेत. "एक्के आले की टाक" हे तुमच्या ग्रुपचं सूत्र म्हणूनच अपुरं आहे. तेच चार पत्ते, स्टॅक बदलला की उत्तर बदलतं.

आता फ्लॉप. बदाम गुलाम, बदाम दस्सी, किलवर छक्की. ३,५०० आणि मग ७,००० कोण कॉल करतं? मधल्या सलग पत्त्यांचे लोक. त्यांच्यासाठी याहून चांगला फ्लॉप क्वचितच असेल. तुमच्याकडे बदामाची एकटी चौकी, म्हणजे फ्लश (एकाच सूटचे पाच पत्ते) नाही. नव्वी आहे पण तिच्या जोडीला राणी नाही की अठ्ठी नाही, म्हणजे स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) नाही. नुसती एक जोडी आणि समोर दोघे.

त्याचा हात उघडून मोजू, कारण ओमाहाचा धोका मोजल्याशिवाय पटत नाही. बदाम राणी, इस्पिक गुलाम, बदाम नव्वी, इस्पिक अठ्ठी. राजा आला की राणी-नव्वीने स्ट्रेट, असे चार पत्ते. राणी आली की नव्वी-अठ्ठीने स्ट्रेट, तीन. नव्वी आली की राणी-अठ्ठीने, एक तुमच्याकडे आणि एक त्याच्याकडे असल्याने दोन. अठ्ठी तीन. सत्ती चार. झाले सोळा. याशिवाय फ्लशसाठी बदामाचे एक्का, छक्की, पंजी, तिर्री, दुर्री, असे पाच. आणि दोन गुलाम, ज्याने त्याचे तीन होतात. एकूण तेवीस. तुमचे आठ आणि बोर्डवरचे तीन सोडले तर न पाहिलेले पत्ते ४१. टर्न आणि रिव्हर दोन्हीवर तेविसातलं काहीच न येण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या जवळ. फ्लॉपवर तुमच्याकडे मोठी जोडी होती आणि त्याच्याकडे लहान जोडी अन् "नुसता ड्रॉ" (अजून लागायचा हात), तरी पुढे तोच होता, खूप पुढे.

तिथे चेक करायचं होतं. त्याने पॉट टाकला असता तर २१,५०० च्या कॉलला ३३ टक्के हिस्सा लागतो, आणि या फ्लॉपवर कोरड्या एक्क्यांकडे तो नाही. फोल्ड केलं असतं तर २५ ब्लाइंड हातात राहिले असते, आणि २५ ब्लाइंड हा टुर्नामेंटमध्ये चांगला जिवंत स्टॅक आहे. तुम्ही मात्र २१,५०० टाकून ३,५०० मागे ठेवलेत. अशी बेट कधीच टाकू नका. ज्या बेटनंतर स्टॅकमध्ये उरलेले चिप्स पॉटसमोर किरकोळ दिसतात, ती बेट म्हणजे ऑल-इनच. तसंच समजून आधी ठरवा. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तीन वेगळ्या सूटचा असता, तर तीच बेट मी आनंदाने टाकायला सांगितली असती.

याच मोजणीचा दुसरा अर्थ असा की, चांगल्या ड्रॉवर चिप्स टाकायला घाबरायचं नाही. होल्डेमवरून आलेल्या माणसाला तयार हात मोठा आणि ड्रॉ लहान वाटतो. ओमाहात नव्वी-अठ्ठी-दुर्रीच्या फ्लॉपवर गुलाम-दस्सी-सत्ती-छक्की धरा. राणी, गुलाम, दस्सी, सत्ती, छक्की, पंजी, काहीही आलं की स्ट्रेट. वीस पत्ते. न पाहिलेल्या ४५ पैकी वीस, म्हणजे रिव्हरपर्यंत एखादा तरी येण्याची शक्यता ७० टक्के. पण त्या विसातही फरक करा. राणी, सत्ती, छक्की आणि पंजी आली तरच तुमचं स्ट्रेट सगळ्यात मोठं. गुलाम आला तर राणी-दस्सीवाला पुढे असू शकतो, दस्सी आली तर राणी-गुलामवाला. म्हणजे पक्के चौदाच. समोर तीन सारख्यांचा सेट असेल तर बोर्डवर जोडी येऊन तुमचं लागलेलं स्ट्रेटही वाया जाऊ शकतं. असा रॅप (बोर्डच्या आजूबाजूच्या पत्त्यांचा मोठा स्ट्रेट ड्रॉ) घेऊन चिप्स टाकायचे तर पहिली बेट किंवा पहिला रेज तुमचा असावा, म्हणजे समोरचा उठण्याचीही एक शक्यता जमेला येते. कॉल करत करत ड्रॉवर स्टॅक घालवणं टुर्नामेंटमध्ये परवडत नाही.

आणि उलट बाजू: फ्लॉप दस्सी-नव्वी-अठ्ठी, तुमच्याकडे राणी-गुलाम, म्हणजे सगळ्यात मोठं स्ट्रेट, पण बाकी दोन पत्ते कामाचे नाहीत. समोर कोणी जोरात उलटून पडला, तर त्याच्याकडेही बहुधा राणी-गुलाम आहेत आणि सोबत फ्लश ड्रॉ. तुम्हाला फार तर अर्धा पॉट, त्याला कधी अर्धा कधी पूर्ण. स्टॅक खोल असताना अशा हातावर सगळं टाकायची घाई नको.

लहान स्टॅकबद्दल थोडक्यात. पॉट-लिमिटमध्ये १० ब्लाइंड घेऊन एकदम ऑल-इन करता येत नाही, पहिला रेज साडेतीन ब्लाइंडचाच. त्यावर समोरच्याने परत पॉट केला की तुम्हाला साडेसहा ब्लाइंड टाकून साडेएकवीसच्या पॉटसाठी लढायचं असतं, म्हणजे ३० टक्के हिस्सा पुरतो. जवळपास कोणत्याही बऱ्या हाताला तो असतो. म्हणून १० ब्लाइंडवर "रेज करून बघू, कोणी उलटला तर सोडू" असं काही नसतं. रेज केला म्हणजे टाकलेच. जो हात परत रेज झाल्यावर कॉल करायचा नाही, तो उघडूच नका.

इथून तुमच्या राजांकडे येऊ. समोर आधीच रेज आहे, म्हणजे तुमच्या ऑल-इनने कोणी उठणार नाही. ९ ब्लाइंड टाकून साडेएकोणीसच्या पॉटसाठी लढायचं, नुसत्या चिप्सच्या हिशेबाने ४६ टक्के लागतात. राजे-अठ्ठी-तिर्री, चार सूटचे, हा हात दिसतो त्यापेक्षा बराच कमजोर आहे: फ्लश नाही, स्ट्रेट नाही, आणि एक्क्यांसमोर तर अवस्था वाईटच. इतकं असूनही कोणी म्हणेल की ४६ च्या आसपास येत असतील. येतही असतील. पण बक्षिसांच्या तोंडावर ४६ पुरत नाहीत.

टुर्नामेंटमध्ये जिंकलेली चिप हरलेल्या चिपपेक्षा स्वस्त असते. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेलं एक सूत्र १९८७ मध्ये मेसन मालमथ यांनी पोकर टुर्नामेंटला लावलं. त्याला आज आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल), म्हणजे स्टॅकची बक्षिसांतली किंमत काढायची रीत, म्हणतात. सोपं उदाहरण घ्या. तीन खेळाडू उरलेत, स्टॅक सारखे, बक्षिसं ५०, ३० आणि २०. प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत ३३.३. आता दोघांनी एकमेकांवर सगळं टाकलं. हरणारा २० घेऊन घरी जातो, म्हणजे त्याचे १३.३ गेले. जिंकणाऱ्याकडे दोन तृतीयांश चिप्स आले, किंमत ४३.३, म्हणजे मिळाले १०. चिप्स दुप्पट झाले, किंमत नाही. तेरा घालवायचा धोका पत्करून दहा मिळवायचे, तर निम्मा हिस्सा पुरत नाही, ५७ टक्के लागतात.

होल्डेममध्ये ५७ टक्के मिळणं नेहमीचं आहे. ओमाहात उत्तमातला उत्तम हातही चांगल्या पत्त्यांसमोर ६० च्या आसपास फिरतो, मग कोरडे राजे घेऊन ५७ आणायचे कुठून? म्हणून बक्षिसांच्या तोंडावर ओमाहात कॉल होल्डेमपेक्षाही जपून करावा लागतो. ९ ब्लाइंडवर तुमचा एक फेरा दीड ब्लाइंडचा, सहा फेरे हातात होते, बाहेर जायला फक्त दोन माणसं हवी होती. त्या जागी मी कशावर टाकले असते? कोणी रेज केलेला नसताना, उशिराच्या जागेवरून, राजा-राणी-गुलाम-दस्सी डबल-सूटेडसारख्या हातावर. किंवा एक्क्यांवर, समोर कोणीही असो.

सरावासाठी नंदनवनचा शनिवार उत्तम आहे. फ्लॉप पडला की बेट टाकण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने दोन आकडे सांगायचे: पॉट किती, माझ्याकडे उरलेले पॉटच्या किती पट. सुरुवातीला खेळ संथ होईल, होऊ द्या. आणि एखादी रात्र पत्ते उघडे ठेवून खेळा. एकाला कोरडे एक्के द्या, दुसऱ्याला डबल-सूटेड सलग चार, आणि बोर्ड पुन्हा पुन्हा पाडा. कोणत्या फ्लॉपवर एक्के पुढे राहतात हे डोळ्यांना दिसलं की गोव्यातला २१,५०० चा हात आपोआप थांबेल.

पैसे न लावता खेळता ते तसंच ठेवा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी पडली आहेत. घरातल्या टेबलावर हा वाद ओढवून घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे मोबाइलवर पैसे लावून सराव करायचा विचार कोणी सुचवला तर तोही बाजूला ठेवा.

खेळ सोडायचं काही कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. ज्याला प्रत्येक बेटचा आकडा आठवतो आणि आपलं काय चुकलं हे विचारावंसं वाटतं, तो हा खेळ शिकू शकतो. फीची गोष्ट मात्र पुन्हा गोव्याला जायच्या आधी घरी पूर्ण सांगा, आकड्यासकट. मग वर्षाला किती टुर्नामेंट आणि प्रवासासकट किती रुपये, हे दोघांनी बसून ठरवा. ती रक्कम घरखर्च, हप्ते आणि बचत बाजूला काढून उरलेल्यातून यावी. ती संपली की त्या वर्षी पुढचे सगळे डाव नंदनवनला.